गाईंनी जास्त खाल्लं

कुरण खात्यातल्या त्या अधिकाऱ्याला सगळे पाठीमागे ‘बघूया’ म्हणत. त्यालाही ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. नोकरीला लागल्यापासून त्याने कुणालाही ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. कुणी काही मागितलं, सुचवलं, फर्मावलं, की तो मान जरा तिरकी करायचा, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचा आणि म्हणायचा, ‘बघूया.’ वरच्याला वाटे काम झालं, खालच्याला वाटे आशा आहे, आणि ह्या दोन समजुतींच्या मधल्या फटीत ह्याची खुर्ची वर्षानुवर्षं मजेत टिकून होती.

गवत मात्र त्याला मनापासून आवडायचं. प्रवासात बाकीचे लोक खिडकीतून डोंगर बघत, हा रस्त्याच्या कडेचं तण बघायचा आणि गाडी थांबवून बायकोला ते जवळून दाखवायचा. ऑफिसातल्या त्याच्या खोलीत खिडकीखाली लाकडी खोक्यांची रांग होती आणि प्रत्येक खोक्यात एकेक जात वाढत होती. सकाळी आल्यावर टेबलावरच्या कागदांना हात लावण्याआधी तो त्या खोक्यांवरून तळहात फिरवायचा, शाळेत मास्तर पोरांच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

त्याची बायको जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणे. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या बाईला माणसांच्या पोटातलं बाहेर काढायला वेळ लागत नाही, त्यामुळे घरात ‘बघूया’ची मात्रा फारशी चालत नसे. तिथे तो गप्प बसण्याची मात्रा वापरायचा.

गावाबाहेरच्या उतारावर एक सामाईक कुरण होतं. आसपासच्या गोठेवाल्यांची जनावरं तिथं चरत, आणि चरून चरून त्या उताराला आता टक्कल पडलं होतं. खात्याने ते नव्याने पेरायचं ठरवलं आणि कुठल्या जाती पेरायच्या ते निवडण्याचं काम बघूयाकडे आलं. तो खूष झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याच्या आवडीचं काम मिळालं होतं.

त्याने मन लावून मिश्रण ठरवलं. खुरांखाली तुडवलं तरी पुन्हा उभं राहणारं एक बुटकं, पसरणारं गवत. पाऊस लांबला तरी तग धरेल असं खोल मुळांचं, गुच्छ करून वाढणारं दुसरं. आणि ह्या दोघांत अगदी चवीपुरतं क्लोव्हर, तीन पानांचं, गुलाबी गोंड्यांचं. ते जमिनीला नत्र देतं आणि दुधाला बळ देतं, म्हणून हवं. पण चवीपुरतंच, कारण त्याचा कोवळा पाला गाईने पोटभर खाल्ला तर तिच्या पोटात साबणाच्या पाण्यासारखा फेस होतो, वायू त्या फेसात अडकतो, तिला ढेकर देता येत नाही आणि डावी कूस ढोलासारखी फुगत जाऊन ती गुदमरते. खात्यातल्या कुठल्याही नवशिक्याला हे माहीत असतं. बघूयाला तर होतंच होतं.

हे मिश्रण घेऊन तो मोठ्या साहेबांकडे गेला. मोठे साहेब कुरण खात्यात नवे होते. त्याआधी ते उद्यान खात्याचे प्रमुख होते आणि त्यांच्या काळात शहरातल्या प्रत्येक चौकात एक गोल वाफा आणि त्या वाफ्यात शिस्तीत उभी राहिलेली फुलं होती. तिथून बढतीवर इकडे येताना त्यांनी फक्त टेबल बदललं होतं.

समिती बसली होती. साहेब, हिशेबनीस, प्रसिद्धी बघणाऱ्या बाई आणि कडेला बघूया, पुढ्यात त्याची तीन खोकी. साहेबांनी पहिली दोन खोकी बोटाने बाजूला सरकवली.

‘ह्यात रंग कुठंय?’

‘हिरवा आहे ना, साहेब.’

‘हिरवा हा काही रंग नाही,’ साहेब म्हणाले. ‘हिरवा म्हणजे नुसती भिंत. तिच्यावर चित्र कुठंय?’

मग त्यांची नजर तिसऱ्या खोक्यावर गेली. त्यात क्लोव्हरला दोनचार गोंडे आले होते. साहेबांनी ते खोकं जवळ ओढलं, आणि लहान मूल बघताना व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला. प्रसिद्धीच्या बाई म्हणाल्या की गुलाबी रंग फोटोत फार छान येतो. हिशेबनीस म्हणाला की त्याची काही हरकत नाही. हिशेबनीसाची हरकत नसणं ही त्या ऑफिसात दुर्मीळ गोष्ट होती, त्यामुळे सगळ्यांना शुभशकुन झाल्यासारखं वाटलं.

‘हे वाढवा,’ साहेब म्हणाले.

बोलायची वेळ हीच होती. ‘हे वाढलं तर गाई मरतील’, एवढंच वाक्य. ते वाक्य बघूयाच्या घशातून वर आलं, दातांपर्यंत पोचलं. त्याने मान तिरकी केली, चष्मा काढला, पुसला.

‘बघूया,’ तो म्हणाला.

पुढच्या बैठकीत क्लोव्हर आणखी वाढलं. त्याच्या पुढच्या बैठकीत ती दोन गवतं लग्नाच्या आमंत्रणात लांबच्या नातेवाइकांची असतात तशी, नावापुरती उरली. प्रत्येक वेळी सही बघूयाचीच होती, आणि प्रत्येक वेळी सही करताना तो स्वतःला बजावत होता की एवढ्याने काही बिघडत नाही, पुढच्या वेळी बोलू.

बियाणं आलं तेव्हा पोती ऑफिसच्या व्हरांड्यात रचली होती. डॉक्टरीणबाई त्या दिवशी नवऱ्याला न्यायला आल्या होत्या. पोत्यांवरची चिठ्ठी त्यांनी वाचली. घरी जेवायला बसल्यावर त्यांनी सुरुवात केली. गाईच्या पोटात काय होतं ते त्याला नव्याने शिकवायची गरज नव्हती, तरी त्यांनी शिकवलं, आणि तेही ताटातल्या भाजीचं उदाहरण घेऊन, त्यामुळे त्याचं जेवण तिथंच थांबलं. तो म्हणाला की काळजी घेतली तर काही होत नाही. आधी कोरडा चारा खायला घालायचा, मग थोडा वेळच सोडायचं, आणि पाला ओला असताना तर सोडायचंच नाही.

‘हे गाईंना कोण सांगणार?’

‘बोर्ड लावणार आहोत कुरणात.’

‘बरं झालं,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘पण गाई वाचायला कधी शिकल्या, अहो?’

तो गप्प बसला. बोर्ड मात्र त्याने खरोखर करून घेतला, स्वच्छ अक्षरात, गोठेवाल्यांसाठी. कुरणाच्या फाटकाशी तो बोर्ड उभाही राहिला. मग प्रसिद्धीच्या बाई फोटोसाठी जागा बघायला आल्या आणि तो बोर्ड नेमका फोटोच्या मधोमध येतो असं त्यांच्या लक्षात आलं. तो उचलून पाण्याच्या टाकीमागे ठेवण्यात आला. तिथं तो कुणाच्याही मध्ये येत नव्हता.

कुरण उगवलं. आणि काय उगवलं. अख्खा उतार गुलाबी झाला, मधमाश्या गुणगुणायला लागल्या, नवीन लग्न झालेली जोडपी संध्याकाळी फोटो काढायला येऊ लागली. वर्तमानपत्रात रंगीत चित्र छापून आलं आणि त्याखाली बघूयाचं नाव, हुद्द्यासकट. इथे त्या माणसाचं डोकं फिरलं, असं म्हटलं तर चूक होणार नाही. इतक्या वर्षांत त्याच्या गवताकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. आता रस्त्यात लोक थांबवून कौतुक करत होते. त्याने नवा कोट शिवला. ‘साहेबांचं कुरण’ म्हणता म्हणता तो ‘आमचं कुरण’ म्हणायला लागला आणि महिन्याभरात ‘माझं कुरण’वर आला. त्या कौतुकात क्लोव्हरबद्दलची भीती हळूहळू विरघळली. इतकं सुंदर काही वाईट असू शकेल, हे त्याला पटेनासं झालं.

‘एक तरी गाय सोडून बघितलीत का?’ डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं.

सोडली नव्हती. उद्घाटनाआधी फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून जनावरांना मनाई होती.

उद्घाटनाला मंत्री येणार होते. चरणाऱ्या गाई दाखवायच्या तर त्या देखण्या हव्यात, म्हणून साहेबांनी चांगली जनावरं निवडून आणायला सांगितलं. बघूयाने पहिला फोन मेहुण्याला केला. डॉक्टरीणबाईंचा हा धाकटा भाऊ गोठेवाला होता. मोजकी जनावरं, पण ठेवलेली अशी की अंगावरून हात घसरावा. त्यातली भुरी नावाची गाय त्याचा जीव की प्राण. बायको एक वेळ माहेरी गेली तर तो दोन दिवस काढी, पण भुरी दुपारी वेळेवर रवंथ करायला बसली नाही तर हा गोठ्यातून हलत नसे.

साहेबांकडून आणखी एक सूचना आली होती. गाई कॅमेऱ्याकडे बघत उभ्या राहतात आणि फोटो बिघडतो. त्यांनी मान खाली घालून मनापासून खायला हवं, तेव्हा आदल्या संध्याकाळपासून त्यांना काही घालू नये. हा निरोप गोठेवाल्यांना द्यायचं काम बघूयाचं होतं.

‘भाऊजी, उपाशी ठेवायच्या?’ मेहुण्याने फोनवर विचारलं. ‘नक्की ना?’

‘तसा निरोप आहे खरा,’ बघूया म्हणाला.

मेहुणा आपल्या भाऊजींना ओळखून होता, पण गवताच्या बाबतीत भाऊजी चुकणार नाहीत असा त्याचा विश्वास होता. त्याने गव्हाणी रिकाम्या ठेवल्या.

उद्घाटनाच्या सकाळी साहेबांना वाटलं की फुलं जरा सुकल्यासारखी दिसताहेत. टँकर बोलावून सगळ्या उतारावर पाणी मारण्यात आलं. पानापानावर थेंब चमकायला लागले. म्हणजे उपाशी गाई, ओला पाला आणि क्लोव्हरच क्लोव्हर. गाई मारायच्याच असं ठरवून एखादी समिती बसली असती तरी तिला इतकं नेमकं जमलं नसतं.

त्यातून मंत्री उशिरा आले. तोवर कुंपणाबाहेर बांधलेल्या गाई हंबरून हंबरून दाव्याला ओढ देत होत्या आणि साहेब कौतुकाने म्हणत होते की बघा, जनावरालासुद्धा कळतं. शेवटी फीत कापली गेली, फाटक उघडलं आणि गाई आत धावल्या. टाळ्या पडल्या. प्रत्येक मान खाली गेली, एकही गाय कॅमेऱ्याकडे बघेना. फोटो अप्रतिम आले. मग मंत्री भाषणाला उभे राहिले.

बघूया दुसऱ्या रांगेत, नव्या कोटात बसला होता. भाषण रंगात आलं तसा तो गाईंकडे बघू लागला आणि एकदा बघायला लागल्यावर त्याला नजर काढता येईना. एका ठिपक्यांच्या गाईने खाणं थांबवलं होतं. तिने मागच्या पायाने स्वतःच्या पोटावर लाथ मारली. तिची डावी कूस उजवीपेक्षा वर आली होती. त्याने डोळे मिटले आणि उघडले. आता ती आणखी वर आली होती.

डॉक्टरीणबाईंना आमंत्रण नव्हतं. आनंदाचा कार्यक्रम आहे, डॉक्टर कशाला, असं साहेबांचं मत होतं. पण सकाळी भावाने बोलता बोलता गाई उपाशी ठेवल्याचं फोनवर सांगितलं आणि त्या हातातलं काम टाकून निघाल्या. रबरी बूट घालून, बॅग आणि तेलाचा डबा घेऊन त्या कुरणात शिरल्या तेव्हा मंत्री बोलत होते, लोक ऐकत होते आणि तीनचार गाई पाय फाकवून, जीभ बाहेर काढून उभ्या होत्या. गाई बाहेर काढा, त्या ओरडल्या. गोठेवाले जागचे हलले नाहीत. फोटो पूर्ण होईपर्यंत कुरणात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांना बजावण्यात आलं होतं.

ठिपक्यांची गाय स्टेजच्या पायथ्याशी येऊन कोसळली. ती एका म्हातारीची होती आणि म्हातारीकडे तेवढी एकच गाय होती. त्याच क्षणी कुरणाच्या दुसऱ्या टोकाकडून मेहुण्याची हाक आली, ‘ताई.’ भुरी झोकांड्या खात होती, पण उभी होती. डॉक्टरीणबाईंनी तिकडे एकदा बघितलं. मग गुडघे टेकून त्या पडलेल्या गाईजवळ बसल्या.

‘तुम्ही,’ त्यांनी दुसऱ्या रांगेकडे बोट केलं. ‘इकडं या. हिचं तोंड वर धरा.’

बघूया उठला. लोकांच्या गुडघ्यांना धडकत, माफी मागत तो खाली आला आणि चिखलात बसून त्याने गाईचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी बॅगेतून नळी बसवलेला जाड दाभण काढला, डाव्या कुशीवर बोटांनी जागा चाचपली आणि मुठीच्या एका धक्क्याने तो आत घातला. वर मंत्री म्हणत होते की ह्या कुरणामुळे आपल्या पशुधनाला मोकळा श्वास घेता येईल. दाभण निघाला, नळी राहिली, आणि नळीतून इतका वेळ कोंडलेलं सगळं बाहेर पडू लागलं. माईक जवळच होता. तो लांबलचक फुस्स सगळ्या कर्ण्यांमधून अख्ख्या उतारावर गेला, पाठोपाठ वासही गेला. भाषण त्या वाक्यावरच संपलं.

डॉक्टरीणबाईंनी फेस मोडण्यासाठी नळीतून तेल ओतलं, गाईने डोळे उघडल्याचं बघितलं आणि त्या उठून धावत सुटल्या. त्या पोचल्या तेव्हा भुरी आडवी झाली होती. त्यांनी तिच्यावरही दाभण चालवला. खूप वेळ त्या तिच्यापाशी होत्या. बाकीच्या गाईंना गोठेवाल्यांनी तेल पाजून चालवत ठेवलं, त्यांच्यात बघूयाही होता, त्याच्या कोटाच्या बाह्या तेलाने निथळत होत्या. त्या सगळ्या वाचल्या. भुरी वाचली नाही.

‘ताई,’ मेहुणा म्हणाला, ‘मी हाक मारली होती गं.’

‘ऐकली मी. ती पडली होती. पडलेली आधी.’

भुरीच्या गळ्यातलं दावं सोडायला तो वाकला. भाऊजींशी तो काहीच बोलला नाही, त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही. घरी आल्यावर डॉक्टरीणबाई मोरीत हात धूत उभ्या राहिल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी नळ चालूच होता. बघूया दाराशी उभा होता. आत जावं की जाऊ नये हे त्याला ठरवता आलं नाही आणि तेवढ्यात नळ बंद झाला.

चौकशी नेमली गेली. चौकशी समितीत साहेब, हिशेबनीस आणि प्रसिद्धीच्या बाई होत्या, म्हणजे दोषी कोण हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. त्यांनी ते सापडू दिलं नाही. कुरणाच्या जातींची निवड रीतसर झाली होती. पाणी शोभेसाठी मारलं होतं. उपाशी ठेवण्याचा लेखी हुकूम कुठेच नव्हता. मग उरलं कोण? उरल्या गाई. अहवाल लिहायचं काम बघूयाकडे आलं, कारण अशा भाषेवर त्याचा हात बसलेला होता. त्याने लिहिलं, ‘जनावरांनी उपलब्ध चाऱ्याचे प्रमाणाबाहेर भक्षण केल्याचे दिसून येते.’ साहेबांना ते आवडलं, पण वर्तमानपत्रांसाठी सोपं हवं, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलं, ‘गाईंनी जास्त खाल्लं.’ गोठेवाल्यांना बोलावून समज द्यावी असंही ठरलं, जनावरांवर लक्ष ठेवलं नाही म्हणून.

आणि एक पत्र डॉक्टरीणबाईंना गेलं. मंत्री बोलत असताना, स्टेजजवळ, कुणाच्या परवानगीने त्यांनी जनावरावर शस्त्रक्रिया केली, ह्याचा खुलासा मागवला होता. डॉक्टरीणबाईंनी ते जेवणाच्या टेबलावर वाचलं.

‘भाषा तुमची दिसतेय,’ त्या म्हणाल्या.

‘कशावरून?’

‘इतक्या वेळा “कृपया” दुसरं कोण लिहितं?’

त्यांनी त्याच कागदाच्या पाठीवर एका ओळीत उत्तर लिहिलं, ‘गाय मरत होती,’ आणि खाली सही केली. मग त्याचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. त्या भांडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या भांडल्या नाहीत, मीठ हवं का एवढंच त्यांनी विचारलं.

ज्या दिवशी गोठेवाल्यांना समज द्यायची होती, त्याच दिवशी जातींच्या निवडीची बैठक पुन्हा लागली. क्लोव्हर नांगरून टाकायचं ठरलंच होतं, आता त्या जागी काय, एवढाच प्रश्न होता. बघूया आत जाताना त्याला बाहेरच्या बाकावर मेहुणा बसलेला दिसला, गुडघ्यावर टोपी ठेवून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. दोघांनीही एकमेकांना बघून न बघितल्यासारखं केलं.

साहेबांचं म्हणणं, आता धोका नको. हिशेबनीस म्हणाला की गवत कुठलंही लावा, गाई ते खाणार, आणि त्यांनी खाल्लं की धोका आलाच. ह्यावर सगळे विचारात पडले. मग साहेबांनी खिशातून एक फोटो काढला. उंच, चंदेरी तुऱ्यांचं शोभेचं गवत होतं ते, उद्यान खात्यात त्यांच्या फार आवडीचं. त्याच्या पात्याला करवतीसारखी धार होती. एकदा जीभ लावली की गाय पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

‘म्हणजे कुरणात गाई खाणारच नाहीत?’ हिशेबनीसाने खात्री करून घेतली.

‘सुरक्षित कुरण,’ साहेब म्हणाले. प्रसिद्धीच्या बाईंनी ते शब्द लगेच लिहून घेतले. मावळतीच्या उन्हात चंदेरी रंग सुरेख दिसेल, असं त्या म्हणाल्या. मग सगळे बघूयाकडे वळले, कारण सही त्याची लागणार होती.

त्याने मान तिरकी केली. चष्मा काढला. दाराच्या काचेतून बाहेरचा बाक दिसत होता आणि चष्म्याशिवाय त्यावर बसलेला माणूस नुसता एक तपकिरी ठिपका दिसत होता. बघूयाने चष्मा न पुसताच पुन्हा चढवला.

‘नाही,’ तो म्हणाला.

तो शब्द त्याच्या तोंडून इतका हळू निघाला की कुणाला कळलंच नाही, साहेबांनी ‘काय?’ म्हणून विचारलं. त्याने पुन्हा म्हटलं. आणि मग मात्र त्याला थांबता येईना. क्लोव्हरने काय होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तो म्हणाला, तरी प्रत्येक वेळी सही केली. उपाशी ठेवायचा निरोप मी दिला. अहवाल मी लिहिला आणि तो खोटा आहे.

‘गाय समोर असेल ते खाते, साहेब. समोर काय ठेवायचं तेवढं आपलं काम होतं.’

साहेब रागावले नाहीत. त्यांनी टेबलाला वळसा घालून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाले की त्या प्रसंगाचा तुमच्या मनावर फार ताण आलेला दिसतोय, थोडी रजा घ्या. बैठकीच्या वृत्तांतात ‘चर्चेअंती एकमताने’ असं लिहिलं गेलं. सही हिशेबनीसाने केली. त्याची काही हरकत नव्हती.

बघूया बाहेर येऊन बाकावर बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघत त्याने मेहुण्याला सगळं सांगितलं, आत जे सांगितलं तेच. मेहुण्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘हे तुम्ही आत बोललात?’

‘हो.’

‘आत्ता.’

‘हो.’

‘भुरी मेल्यावर.’

तेवढ्यात शिपायाने हाक मारली आणि मेहुणा टोपी घालून समज घ्यायला आत गेला.

पुढे व्हायचं ते झालं. उतारावर चंदेरी गवत लागलं, त्याभोवती कुंपण आलं आणि गाईंना तिथं बंदी झाली. परिसर सौंदर्याच्या स्पर्धेत त्या कुरणाला पहिलं बक्षीस मिळालं. साहेब आणखी वर गेले. डॉक्टरीणबाईंचा खुलासा, पुन्हा असं न करण्याच्या अटीवर, मान्य झाला. त्यानंतरच्याच आठवड्यात त्यांनी असं पुन्हा केलं. बघूया रजेवरून परतला तेव्हा त्याचं टेबल बियाण्यांच्या गोदामात हलवलेलं होतं. त्याची खोकी कुणीतरी रिकामी करून त्यात टाचण्या ठेवल्या होत्या. नाव मात्र बदललं नाही. एका ‘नाही’ने इतक्या वर्षांचं नाव पुसलं जात नसतं.

मेहुणा बरेच दिवस घरी आला नाही. मग एका रविवारी आला. सामाईक कुरण बंद झाल्याने त्याला गोठ्यामागची स्वतःची पट्टी पेरायची होती. तो बहिणीसमोर बसला. भाऊजी त्याच टेबलाशी, हातभर अंतरावर बसले होते.

‘ताई, ह्यांना विचार, त्या पट्टीत काय येईल.’

‘अहो, तो विचारतोय, काय येईल.’

बघूयाने बायकोकडे बघत सांगितलं. जमीन चढाची आहे, वरचा थर उथळ आहे, पसरणारं गवत धरेल. आणि बोलता बोलता, स्वतःच्याच धाडसाचं नवल वाटत, तो म्हणाला की त्यात थोडं क्लोव्हर हवं.

मेहुणा उठून उभाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. मग त्या म्हणाल्या की ह्यावेळी ते खरं बोलताहेत, थोडं हवंच, नाहीतर दोन वर्षांत जमिनीचा कस जाईल. बराच वेळ घासाघीस झाली, सगळी ताईच्या मार्फत. शेवटी ठरलं ते असं, की क्लोव्हर चवीपुरतं, गाईंनी आधी कोरडा चारा खायचा, पाला कोरडा असल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, आणि गाई सोडल्या की ह्या माणसाने जातीने तिथं उभं राहायचं.

म्हणून पट्टी चरायला तयार झाली त्या सकाळी बघूया गोदामातून अर्धी सुट्टी काढून तिथं गेला. दव वाळलं होतं. ते त्याने वाकून, पानं चुरगाळून, बोटं गालाला लावून बघितलं आणि पुन्हा बघितलं. गाई सावकाश आत आल्या. पोटं भरलेली असल्याने त्यांना कसली घाई नव्हती. बघूया मधोमध उभा राहून एकीच्या डाव्या कुशीवरून दुसरीच्या डाव्या कुशीवर नजर फिरवत राहिला. कुंपणाशी मेहुणा तेलाची बाटली धरून उभा होता आणि गाईंपेक्षा जास्त भाऊजींकडे बघत होता.

गाई चरल्या. एकीने ढेकर दिला, चांगला मोठा, आणि बघूयाने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. तेव्हा कुठे मेहुणा त्याच्याशी बोलला, मधे कुणी नसताना.

‘भाऊजी, जरा बाजूला सरका. नेमके चांगल्या गवतावर उभे आहात.’